मेळ्यातली पोरं, पथकातली पोरं

गणपतीच्या दिवसांत आमच्या कृष्णाकाठच्या गावी रात्रीची जेवणं लवकर उरकत, कारण नऊला मेळे बाहेर पडत. आठ ते पंधरा वयाची वीस-पंचवीस पोरं, डोक्याला एका रंगाचे फेटे, पुढे मेळ्याचं नाव लिहिलेलं निशाण, दोन्ही अंगांना डोक्यावर गॅसबत्त्या घेतलेली माणसं आणि मागे पेटी-तबला. एका मंडपासमोर तासभर कार्यक्रम करायचा आणि पुढच्या मंडपाकडे निघायचं. आधी गणेशस्तवन, मग दोन-तीन पदं, मग एखादा चुरचुरीत संवाद, पुन्हा पदं, शेवटी निरोपाचं गाणं. मंडळाकडून नारळ आणि बिदागी मिळे. कुणी दर्दी माणूस उठून एखाद्या पोराच्या छातीवर चांदीचं पदक लावी. बाकीच्यांच्या वाट्याला चहा आणि कागदावरचा चिवडा. मध्यरात्र उलटल्यावर घरी यायचो तेव्हा घसा बसलेला असायचा, आणि आई गरम पाण्यात मीठ घालून गुळण्या करायला लावायची.

मी १९६०च्या आसपासचं सांगतो आहे. तेव्हा मेळ्यांचा बहर ओसरत आला होता, असं मोठी माणसं म्हणत. आम्हाला तो भरातच वाटे.

तालीम आषाढी झाली की सुरू व्हायची. दिवेलागणीला विठ्ठलाच्या देवळात जमायचं. पदं लिहायला पुण्या-मुंबईहून कुणी येत नसे. एका मेळ्याची पदं कचेरीतला कारकून लिही, दुसऱ्याची नाटकाचं वेड असलेला शिंपी. आमच्या आळीच्या मेळ्याला एक प्राथमिक शाळेतले मास्तर होते. चाल उसनी असे, एखाद्या नाट्यपदाची नाही तर नुकत्याच गाजलेल्या बोलपटातली. शब्द मात्र गावाचे. रेशनच्या दुकानातली साखर, दुधातलं पाणी, मुलीच्या लग्नासाठी गहाण पडलेली जमीन, पुढे १९६२चं चीनचं युद्ध, या सगळ्यांची पदं झाली. त्यांची आठ पानी पुस्तिका छापून दहा नव्या पैशांना विकली जाई. ती पुस्तिका दिवाळीपर्यंत घरोघरी असे. बायका दळण-कांडण करतानाही त्यातली पदं गुणगुणत.

एका वर्षी मास्तरांनी नळावर पद लिहिलं. वरच्या आळीला दोन वेळा पाणी आणि खालच्या आळीला एकदाच, तेही पहाटे, असा तो मामला होता. पद म्हणायचं ते पहिल्या रांगेत खुद्द नगराध्यक्ष बसलेले असताना. आदल्या दिवशी मास्तरांनी आम्हाला एवढंच बजावलं, की शब्द स्पष्ट उच्चारा आणि मान खाली घालू नका. आम्ही तसं म्हटलं. मी मागच्या ओळीत, ध्रुपद झेलायला. नगराध्यक्ष शेवटपर्यंत ऐकत बसले, उठून त्यांनी मुख्य गाणाऱ्या पोराला पदक लावलं आणि मास्तरांना म्हणाले, ‘उद्या सकाळी या.’ खालच्या आळीला पाणी पुरेसं यायला पुढे वर्ष गेलं, पण ती चर्चा त्या मंडपात सुरू झाली. गावच्या मोठ्या माणसासमोर, चारचौघांत, गाऱ्हाणं तालासुरात आणि आदब राखून मांडता येतं, हे बारा-तेरा वर्षांच्या पोरांना त्या रात्री कळलं.

या मेळ्यांची परंपरा १८९४ची. लोकमान्यांनी गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप दिलं त्याच सुमारास पुण्यात पोरांचे मेळे निघाले. त्याआधी पुण्यातली हिंदू मंडळी मोहरमच्या ताबुतांपुढे नाचत, गात. मेळ्यांच्या घडणीत त्या ढंगाचाही वाटा होता. पुढे मेळ्यांची पदं इंग्रज सरकारला झोंबू लागली आणि सन्मित्र समाज मेळ्यावर तर बंदी आली. पण त्या काळाचं सगळंच गोडवे गाण्यासारखं नव्हतं. सुरुवातीच्या पदांत मुसलमानांविषयी कडवट भाषा होती, सुधारकांवर चिखलफेक होती. १९२०च्या दशकात केशवराव जेधे आणि दिनकरराव जवळकर यांचा छत्रपती मेळा ब्राह्मणी वर्चस्वावर तुटून पडला आणि पुण्यातल्या मेळ्यामेळ्यांत उघड वैर उभं राहिलं. आमच्या आळीच्या मेळ्यातही सोनाराची, शिंप्याची, माळ्याची, रामोशाची पोरं होती, दलित वस्तीतलं एकही नव्हतं. ते कुणाला खटकतही नसे.

त्या वस्त्यांचं गाणं वेगळ्या वाटेनं चाललं होतं. खेड्यापाड्यांत सत्यशोधकी जलसे फिरत होते, त्यांच्या मागोमाग आंबेडकरी जलसे आले. नाशिककडच्या भीमराव कर्डकांच्या जलशानं बाबासाहेबांचा विचार अक्षरओळख नसलेल्या माणसांपर्यंत नेला. त्याच जिल्ह्यातले वामनदादा कर्डक पुढची कित्येक दशकं गावोगाव गात राहिले. गणपतीच्या मंडपात ज्यांना जागा नव्हती त्यांनी स्वतःचा मंच उभा केला, आणि तो मेळ्यांपेक्षा जास्त टिकला. भीमजयंतीला आजही नवं गाणं लिहिलं जातं.

सगळ्यांना एका ओळीत उभं करायचं काम कलापथकांनी केलं. माझ्या पिढीवर सगळ्यात खोल ठसा आहे तो राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाचा. सेवा दल ४ जून १९४१चं. संध्याकाळची शाखा, कवायत, गाणी, खेळ. मुलगे आणि मुली एकत्र. १९४७च्या मे महिन्यात पंढरपूरचं विठ्ठल मंदिर सर्वांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजी उपोषणाला बसले. त्याआधी त्यांनी महाराष्ट्रभर दौरा केला, तेव्हा सेवा दलाची पोरं गाणी घेऊन त्यांच्याबरोबर होती. कलापथकाला वसंत बापटांसारखा कवी मिळाला, शाहीर लीलाधर हेगड्यांचा खडा आवाज मिळाला, नृत्याला सुधा वर्दे होत्या. पु. ल. देशपांड्यांनी ‘पुढारी पाहिजे’ हे लोकनाट्य याच कलापथकासाठी लिहिलं. ‘महाराष्ट्र दर्शन’ आणि ‘भारत दर्शन’ हे कार्यक्रम तर गावोगाव झाले.

आमच्या गावी कलापथक आलं तेव्हा शाळेच्या पटांगणात टेबलं जोडून रंगमंच केला होता. पडदा म्हणून दोन सतरंज्या. पोरं एसटीनं आली, वाद्यं टपावर. त्यांची उतरायची सोय घराघरांत वाटून दिलेली होती. आमच्याकडे दोन मुली आल्या. आजी सोवळ्यातली. तिनं विचारलंच, ‘कुणाची गं तुम्ही?’ मुलींनी आपापल्या गावांची नावं सांगितली. आजी क्षणभर थांबली, मग तिनं पानं मांडली आणि त्या दोघींना आमच्याच पंगतीला बसवलं. रात्री कार्यक्रमाला ती आली नाही. पण सकाळी निघताना दोघींच्या हातावर तिनं दशम्या आणि लोणच्याची पुरचुंडी ठेवली. भाषणांनी आमच्या घरात जे झालं नसतं ते दोन पोरींच्या मुक्कामानं झालं.

या पथकांतून कोण माणसं बाहेर पडली! निळू फुले पुण्यात माळीकाम करत होते आणि सेवा दलात नाटकं बसवत होते. १९५७च्या निवडणुकीच्या दिवसांत त्यांनी ‘येरा गबाळ्याचे काम नोहे’ हा वग रचला. राम नगरकर न्हाव्याच्या घरातले, दादा कोंडके मुंबईच्या गिरणगावातले. दोघांच्याही अभिनयाची पायाभरणी सेवा दलात झाली. स्मिता पाटील शाळकरी वयात याच कलापथकातून नाचली-गायली. गिरणगावातच १९४४मध्ये अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं होतं. वाटेगावचा अण्णा, बार्शीचा अमर. गिरणीच्या गेटवर, चाळीच्या चौकात त्यांनी डफ वाजवला आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्या डफानं माणसं रस्त्यावर आणली. यांपैकी कुणीही अभिनयाच्या शाळेत गेलेलं नव्हतं. एक डफ, एक ढोलकी, आणि ‘तुला काय म्हणायचं आहे?’ असं विचारणारं कुणीतरी, एवढ्यावर ही माणसं घडली.

मग हे सगळं आटलं कसं? लोक म्हणतात सिनेमानं, टीव्हीनं. ते अर्धं खरं आहे. कर्ण्यावर रेकॉर्डी वाजायला लागल्या तेव्हा पोरांचे आवाज थिटे पडले. गणपतीत ऑर्केस्ट्रा येऊ लागले. २ ऑक्टोबर १९७२ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि हळूहळू संध्याकाळच घरात शिरली. पुढे डॉल्बीच्या भिंती आल्या. पण मला दुसरं एक कारण जास्त मोठं वाटतं. पदं लिहिणारे मास्तर बदलून गेले, आणि त्यांच्या जागी आले ते तालुक्याहून किंवा जिल्ह्याहून येऊन-जाऊन नोकरी करू लागले. संध्याकाळच्या एसटीनं परत जाणाऱ्या माणसाला खालच्या आळीच्या नळाचं दुःख कसं कळणार? गावात मुक्कामाला असलेला, लिहिता हात असलेला माणूस नाहीसा झाला तिथे मेळा संपला.

कलापथकांचं वेगळंच झालं. चांगली माणसं व्यावसायिक लोकनाट्यात आणि सिनेमात गेली, समाजवादी पक्ष फुटत राहिले. उरलेली पथकं सरकारी योजनांच्या कामाला लागली. कुटुंब नियोजन, साक्षरता, गावची स्वच्छता. विषय सगळे मोलाचे, आणि साक्षरतेच्या कलाजथ्यांत काही पोरं खरोखर जीव ओतून गायली. पण संहिता वरून मंजूर होऊन येई. गावाला काय सांगायचं ते आधीच ठरलेलं. गावाला काय म्हणायचं आहे हे विचारायला जागाच नव्हती.

आता माझी नात पुण्यात ढोल वाजवते. दिवसा संगणकाची नोकरी, संध्याकाळी सराव. गणपतीच्या आधी दोन महिने तिचं पथक मुठेच्या पात्रात जमतं. मी एकदा तिच्याबरोबर जाऊन दोन तास उभा राहिलो. शंभरावर पोरं-पोरी, कमरेला करकचून बांधलेले ढोल, बोटांना चिकटपट्ट्या. ताशा सुरू झाला, की सगळ्यांच्या नजरा तिकडे. ताशेवाल्यानं काडी बदलली की शंभर टिपरी एका क्षणी बदलतात. मधे टोलाचा ठणका, पुढे ध्वज नाचवणारी मुलगी, तिची पाठ घामानं भिजलेली आणि चेहऱ्यावर तेज. उशिरा आलेल्याला मैदानाला फेऱ्या. वाद्याला पाय लागला तर आधी नमस्कार, मग पुढचं. तिच्या एका बाजूला रिक्षावाल्याचा मुलगा, दुसऱ्या बाजूला परिचारिका, मागे वकिलीचं शिक्षण घेणारी मुलगी. कुणी कुणाला आडनाव विचारत नाही.

हे दृश्य माझ्या लहानपणी अशक्य होतं. आमच्या मेळ्यात सुरुवातीला मुलींची पदंही मुलगेच म्हणत. पुण्याच्या मिरवणुकीत ढोल-लेझीम येई ते मुळशी, मावळ, भोरकडच्या गावांतून, शेतकरी गड्यांचं. शहरातल्या पोरांनी ढोल कमरेला बांधला तो पुढे, ज्ञान प्रबोधिनी आणि रमणबाग अशा शाळांच्या पथकांनी त्याला वळण लावलं तेव्हा. मुलींनी तो बांधला आणि त्याला घरातून कुणी आडवं आलं नाही, हे माझ्या हिशेबी गेल्या पन्नास वर्षांतल्या पुण्याचं मोठं सांस्कृतिक काम आहे. २०२४मध्ये हरित न्यायाधिकरणानं एका पथकात तीसच माणसं असावीत अशी मर्यादा घातली, तेव्हा प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १२ सप्टेंबरला त्या अटीला स्थगिती मिळाली. आवाजाचा त्रास खरा आहे. आजारी माणूस, तान्हं मूल, परीक्षेचा विद्यार्थी यांच्या बाजूनं नियम हवेतच. तरीही पोरांची ही एकत्र येण्याची जागा राहिली याचा मला आनंद झाला.

सरावानंतर आम्ही चहा प्यायला थांबलो. मी तिला विचारलं, ‘बाळा, तुमचं पथक म्हणतं काय?’

तिला प्रश्न कळला नाही. ‘म्हणत नाही आजोबा, आम्ही वाजवतो. मधे गजर असतो. मोरया, शिवाजी महाराज की जय.’

‘आणि गाणं?’

‘गाणं कशाला? ढोलात सगळं येतं की.’

ढोलात पुष्कळ येतं, हे मी त्या दोन तासांत पाहिलं होतं. सगळं येत नाही. ही पोरं दोन महिने रोज संध्याकाळी मुठेच्या पात्रात उभी असतात. त्या पाण्याचा वास, त्यात वाहत येणारा कचरा, पाऊस जोरात झाला की सराव गुंडाळून वाद्यं वर नेण्याची धांदल, हे त्यांच्याइतकं जवळून शहरातल्या कुठल्या तरुणांनी पाहिलं आहे? चहा पिताना ती हेच सगळं बोलत होती. नदीविषयी चिडून, तपशिलानं बोलत होती. रात्री उशिरा कामावरून सुटणाऱ्या मैत्रिणीला बस मिळत नाही हे सांगत होती. आणि विसर्जनाच्या दिवशी लाखो माणसं रस्त्याच्या दुतर्फा तिच्याकडे बघत उभी असताना यातला एकही शब्द तिच्या तोंडी नसतो. आमच्या मास्तरांना असं पात्र आणि अशी शंभर पोरं मिळाली असती, तर अनंत चतुर्दशीपर्यंत नदीवर चार पदं बांधून झाली असती.

तेव्हाच्या पोरांजवळ शब्द होते, पण सगळ्यांना जागा नव्हती. आताच्या पथकात सगळ्यांना जागा आहे, पण शब्द नाहीत. मला दोन्ही हवं आहे, आणि ते एकत्र येणं अवघड नाही, असं माझं ठाम मत आहे.

कारण शब्द मेलेले नाहीत. कोकणात गणपतीत आजही जाखडी नाचते. गोल धरून नाचणारी पोरं, मधे ढोलकी, झांज आणि गाणारे बुवा. शक्तीवाले आणि तुरेवाले समोरासमोर येतात तेव्हा गण-गौळण होऊन सवाल-जवाब रंगतो, आणि त्यात पुराणाबरोबर मुंबई-गोवा महामार्गाचे खड्डेही येतात. बुवा दरवर्षी नवं गाणं बांधतो. मुंबईत नोकरी करणारी पोरं त्यासाठी रजा काढून गावी जातात. पुण्याच्या वस्त्यांतली तरुण मुलं-मुली २००२ नंतर कबीर कला मंचातून गाऊ लागली. आनंद पटवर्धन यांच्या ‘जय भीम कॉम्रेड’मध्ये त्यांचं गाणं पाहिलेला माणूस ते विसरणार नाही. त्या गाण्याची किंमत त्यांना कोर्टकचेरीतही मोजावी लागली. महाविद्यालयांतली पोरं पथनाट्यं करतात. मराठी रॅप म्हणणारी पोरं आपल्या गल्लीचं, आपल्या बापाच्या कामाचं गाणं मोबाइलवर टाकतात. चाल नवी आहे, पण आमचे मास्तर तरी नव्या बोलपटाचीच चाल घेत होते.

२०२५मध्ये राज्य सरकारनं गणेशोत्सवाला महाराष्ट्राच्या राज्य महोत्सवाचा दर्जा दिला. सजावटीला बक्षिसं असतात, देखाव्यांना असतात. माझी मागणी साधी आहे. पोरांनी स्वतः लिहिलेल्या, स्वतः बसवलेल्या गाण्याला आणि संवादालाही एक बक्षीस ठेवा. विषयावर बंधन घालू नका, आणि आपल्यावर टीका आली तर ती पहिल्या रांगेत बसून ऐका, आमच्या गावच्या नगराध्यक्षांनी ऐकली तशी. मंडळांनी दहापैकी एक रात्र डीजे बंद ठेवून मंडपासमोरची जागा पोरांना द्यावी. पथकांनी शंभरातले दहा जण गाण्यासाठी वेगळे काढावेत. ढोल थांबतो तेव्हा दोन मिनिटं ते गातील. लोक थांबून ऐकतील याबद्दल मला शंका नाही. पथकाच्या मिरवणुकीत ढोल थांबल्यावर जी शांतता पडते, तिची वाट एखादा आवाज बघत असतो.

आणि लिहिणाऱ्यांनो, तुमच्याकडे एक मागणं आहे. निवृत्त शिक्षक, बँकेतले कर्मचारी, दिवाळी अंकात कविता पाठवणारे, कीर्तनकार, रॅप लिहिणारी पोरं, कुणीही असा. आपल्या आळीच्या पथकाकडे जा. त्यांना भाषण देऊ नका. त्यांना काय म्हणायचं आहे ते विचारा आणि चालीत बसवून द्या. ज्यांच्या घरी, आजोळी, माळ्यावरच्या ट्रंकेत मेळ्यांच्या पदांच्या जुन्या पुस्तिका असतील, त्यांनी त्या रद्दीत घालू नयेत. एक प्रत गावच्या वाचनालयाला द्या, आणि तिची झेरॉक्स काढून जवळच्या पथकातल्या पोरांच्या हातात ठेवा. गणपतीच्या आधी त्यांचा सराव सुरू होतो. पत्ता विचारायची गरज पडणार नाही, संध्याकाळी आवाजाच्या दिशेनं चालत गेलात तरी पोचाल.